वाचकांचे प्रश्न : बागेतल्या रेल्वेला कुठल्या कंपनीचे डबे घ्यावेत?

गेल्या अंकात बागेत चालणाऱ्या मोठ्या मापाच्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनांवर लिहिलं आणि प्रश्न आले ते बहुतेक पॅसेंजर डब्यांबद्दल. साहजिकच आहे, इंजिन एक असतं आणि डबे पाच-सहा, पैसे खरे तिथेच जातात. ‘कुठली कंपनी चांगली’ हे जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे आणि माझं उलट प्रत्येकाला एकच विचारणं आहे, वळण किती रेडियसचं आहे ते आधी सांगा, कंपनीचं मग बघू.

प्रश्न : माझ्याकडे एलजीबीचा स्टार्टर सेट आहे, वळणाचे रूळ सेटमधलेच, ६० सेंटीमीटर रेडियसचे. त्यावर यूएसए ट्रेन्सचे ते चकचकीत ॲल्युमिनियमचे लांब डबे चालतील का? दुकानदार म्हणतो रूळ तोच आहे, बिनधास्त घ्या.

रूळ तोच आहे यात खोटं काही नाही. ४५ मिलिमीटर गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन्हीकडे सारखंच, डबा रुळावर ठेवला तर बसेल. वळणावर मात्र तुमचा हिरमोड होणार. अमेरिकेतला असा खरा चकचकीत लांब डबा, त्याला स्ट्रीमलाइनर म्हणतात, साधारण ८५ फूट म्हणजे २६ मीटरच्या आसपास असतो, १:२९ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या एकोणतिसाव्या भागात, तो झाला ८९ सेंटीमीटर, आणि दोन्ही बोग्यांच्या (डब्याच्या दोन टोकांखालचे चाकांचे फिरते सांगाडे) मध्यांतलं अंतर धरा ६२ सेंटीमीटर. कंपन्या मॉडेल करताना थोडं आखडतं घेतात पण अंदाजाला हे आकडे पुरे आहेत. आता हिशोब सोपा आहे, बोग्यांमधल्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्याला रेडियसच्या आठपटीनं भागायचं, जे येईल तेवढा डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो. तुमच्या ६० सेंटीमीटरच्या वळणावर हे येतं ८ सेंटीमीटर! आणि या मापाच्या डब्याची टोकंही जवळपास तेवढीच बाहेरच्या बाजूला जातात. म्हणजे डब्याचं पोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे, दोन डब्यांची टोकं एकमेकांवर घासणार, कपलर (डबे जोडणारी कडी) ओढून बोगी रुळावरून उतरणार. १२० सेंटीमीटर रेडियसला हाच आकडा ४ वर येतो आणि एलजीबीचं आर-५ वळण असतं ना, २.३ मीटरच्या आसपासचं, तिथे २. बघायला बरं वाटायला लागतं ते तिथून पुढेच.

आकडेमोड नको असेल तर पुठ्ठ्याचं करून बघा. जाड पुठ्ठ्याची ८९ सेंटीमीटर लांब आणि साडेदहा सेंटीमीटर रुंद पट्टी कापायची, मध्यरेषेवर ६२ सेंटीमीटर अंतरानं दोन भोकं पाडायची, जिथे बोग्या येणार तिथे, आणि भोकांत पेन्सिली खोचून त्यांची टोकं दोन रुळांच्या बरोब्बर मध्ये धरत पट्टी सगळ्या लाइनवर फिरवायची. बोगद्याच्या तोंडाशी, शेजारच्या लाइनशी, कुंडीच्या कडेला पट्टी कुठे अडते ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेल, आणि ते डबा विकत घ्यायच्या आधी कळेल. सिग्नलचा खांब हमखास आडवा येतो.

तोपर्यंत तुमच्या वळणाला एलजीबीचेच दोन ॲक्सलचे, म्हणजे चारच चाकांचे, छोटे डबे, पिकोचे डबे किंवा बाकमानचे आखूड डबे छान. ॲल्युमिनियमचं स्वप्न सोडा असं म्हणत नाही, आधी वळणं बदला.

प्रश्न : बाकमानचे जुन्या धाटणीचे दोन डबे आहेत, त्यांच्या मागे ॲरिस्टो-क्राफ्टचा एक डबा लावला तर दोघांचं जुळतच नाही. दरवाजे, खिडक्या, माणसं, सगळंच वेगळं. खोक्यावर दोन्हीकडे जी स्केलच लिहिलंय. मग असं का?

कारण जी स्केल म्हणून एकच एक माप नाहीये. गेज एक, स्केल चार-पाच. हे झालं कसं ते थोडक्यात सांगतो. नुरेंबर्गच्या लेमान कंपनीनं १९६८ साली एलजीबी बाजारात आणली, डोळ्यासमोर युरोपातल्या मीटर गेज गाड्या होत्या, त्यासाठी १:२२.५ घेतलं आणि रूळ ४५ मिलिमीटरचा. ४५ ला २२.५ नं गुणा, एक मीटर आणि वर थोडं येतं, गणित जुळतं. पुढे अमेरिकेतली मंडळी आली, त्यांचं नॅरो गेज तीन फुटांचं, त्याला अचूक बसतं १:२०.३, म्हणून ॲक्युक्राफ्टची एएमएस रेंज आणि बाकमानची स्पेक्ट्रम रेंज त्या मापात. बाकमानची साधी बिग हॉलर रेंज मात्र ढोबळमानानं १:२२.५. स्टँडर्ड गेज, म्हणजे ४ फूट साडेआठ इंचाचं, ते याच रुळावर अचूक दाखवायचं तर १:३२ पाहिजे, मार्कलिन या जर्मन कंपनीचं गेज-१ त्यात येतं. पण १:३२ चा डबा एलजीबीच्या शेजारी किरकोळ दिसतो, म्हणून ॲरिस्टो-क्राफ्टनं आणि यूएसए ट्रेन्सनं १:२९ धरलं असं सांगितलं जातं. रुळाच्या हिशोबानं ते बरोबर नाही, रूळ थोडा अरुंद पडतो, पण डबा भरदार दिसतो आणि लोकांना तो आवडला, विषय संपला. पिकोचे जर्मन स्टँडर्ड गेजचे डबे १:२७ च्या आसपास येतात आणि लांबीला आखडलेले असतात.

यातली खरी गंमत माणसांच्या बाहुल्यांत कळते. पावणेसहा फुटी माणूस घ्या, १:२०.३ मध्ये तो ८६ मिलिमीटर उंच, १:२२.५ मध्ये ७८, १:२९ मध्ये ६० आणि १:३२ मध्ये ५५. म्हणजे तुमच्या बाकमानमधला प्रवासी उतरून मागच्या ॲरिस्टोच्या डब्यात चढायला गेला तर दारात वाकावं लागेल. त्यामुळे एका गाडीत एकच स्केल ठेवा, वेगवेगळ्या गाड्या वेगवेगळ्या स्केलच्या असल्या तर बागेत तेवढं जाणवत नाही, झाडं-दगड मध्ये असतातच. एकाच गाडीत मिसळायचंच असेल तर १:२२.५ आणि १:२४ खपून जातात. आणि हो, यूएसए ट्रेन्स असं नाव बघून १:२९ धरून चालू नका, त्यांच्या अमेरिकन सिरीजचे लाकडी धाटणीचे डबे १:२४ चे आहेत, अल्टिमेट सिरीज १:२९ ची.

प्रश्न : मुलांसाठी पहिल्यांदाच बागेत छोटी लाइन टाकतोय. एलजीबी, पिको की बाकमान? सरळ एक नाव सांगा, फार खोलात नको.

सरळ नाव हवंय तर पिको. आता थोडं खोलात जातो, राग मानू नका.

एलजीबी तिघांत महाग, आणि का महाग ते डबा हातात घेतला की कळतं. भिंतींचं प्लास्टिक जाड, रंग बराचसा प्लास्टिकमध्येच मिसळलेला त्यामुळे ओरखडा पडला तरी खालून पांढरं दिसत नाही, प्लास्टिक उन्हाचा विचार करून निवडलेलं, टोकाच्या दारांच्या कड्या मुलांनी शंभरदा उघडझाप केल्या तरी टिकतात. लेमान २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली, २००७ पासून ब्रँड मार्कलिनकडे आहे, जुन्या डब्यांना अजूनही चाकं, कपलर, बारीकसारीक भाग मिळतात, ही मोठी जमेची बाजू. बहुतेक डबे ६० सेंटीमीटरच्या वळणावर फिरतील असे बनवलेले. त्याची किंमत लांबीत मोजावी लागते बरं का, स्वित्झर्लंडच्या रेशियन रेल्वेचा खरा डबा साडेअठरा मीटरच्या आसपास, तो १:२२.५ मध्ये ८२ सेंटीमीटर व्हायला हवा, एलजीबीचे जुने रेशियन डबे त्याहून बरेच आखूड आहेत आणि ज्याने खरी गाडी बघितलीय त्याच्या ते लगेच डोळ्यात खुपतं. लहान मुलांना ते खुपणार नाही.

पिको जर्मनीतल्या झोनेबर्गची कंपनी. जी स्केलमध्ये उशिरा आली पण नीट विचार करून आली, ६० सेंटीमीटरच्या वळणावर चालणं हे त्यांचं सूत्रच आहे. डिटेलिंग एलजीबीपेक्षा थोडं साधं, आतली बाकं वगैरे कामचलाऊ, पण बांधणी दणकट आणि किंमत एलजीबीपेक्षा कमी. माती लागलेल्या हातांनी डबे उचलले जाणार असतील, आणि जाणारच आहेत, तर पिको बिनघोर.

बाकमानचा डबा लांबून तिघांत सगळ्यात देखणा असं माझं मत आहे. ती जुनी अमेरिकन गाडी, मधोमध उंचवटा असलेलं छत, टोकाला उघडा सज्जा आणि त्याचं नाजूक रेलिंग. पण ते रेलिंगच मुलांच्या हातात पहिलं तुटतं. जुन्या बिग हॉलर डब्यांना प्लास्टिकची चाकं असायची, ती हलकी असतात, रुळावर काळा थर सोडतात आणि सांध्यावर खडखड करत उड्या मारतात. धातूची चाकं घालून घेतली की तोच डबा वेगळाच चालतो, वजन खाली जातं, आवाजही खऱ्या गाडीसारखा येतो. म्हणून बाकमानची किंमत बघताना चाकांचा खर्च त्यात धरूनच तुलना करा, नाहीतर स्वस्त-स्वस्त म्हणत घ्याल आणि शेवटी पिकोच्या भावात पडेल.

प्रश्न : ॲरिस्टो-क्राफ्टचे हेवीवेट डबे सेकंडहँड मिळतायत, पाच डब्यांचा सेट. कंपनी बंद झालीय म्हणतात. घ्यावेत का?

कंपनी २०१३ च्या अखेरीस बंद झाली, हे खरं. तरी वळण मोठं असेल तर घ्या असंच सांगेन. प्लास्टिकमध्ये त्या पैशात एवढा भारदस्त अमेरिकन डबा दुसरा नाही, सहा-सहा चाकांच्या बोग्या, आत बाकं, दिवे, आणि पाच डबे एका रंगात ओळीनं उभे राहिले की बघत राहावंसं वाटतं. पण आता काही मोडलं तर कंपनीकडून मिळणार नाही, तेव्हा बघून घ्या.

काय बघायचं? डबा उलटा करा. बोगी जिथे बॉडीला जोडलेली आहे त्या स्क्रूच्या भोवती प्लास्टिकला केसाएवढी चीर आहे का ते टॉर्च मारून बघा, ती असेल तर सोडून द्या. मग प्रत्येक चाक बोटानं फिरवा, सहज फिरलं पाहिजे आणि ॲक्सल बोगीत जिथे टेकतो तिथलं भोक लांबट झालेलं नको. चाकांमधलं अंतर कॅलिपरनं मोजा, आतून आतलं साधारण ४० मिलिमीटर येईल, महत्त्वाचं म्हणजे पाचही डब्यांत सारखं यायला हवं. एखाद्या ॲक्सलवर चाक सरकलेलं असेल तर सरळ रुळावर कळत नाही, पॉइंटवर, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे, मात्र तो डबा दर वेळी उतरतो आणि लोक पॉइंटला दोष देत बसतात. छत काढून दिव्यांच्या वायरी बघा. रंग उडालाय का हे सगळ्यात शेवटी, ते काय दुरुस्त होतं. आणि विकणाऱ्याला मूळ खोकी आहेत का विचारा, एवढे लांब डबे खोक्याशिवाय ठेवणं म्हणजे रोजची कटकट.

प्रश्न : सहा डब्यांत दिवे आहेत. गाडी सुरू केली की इंजिन हळू होतं, दिवे लुकलुकतात, आणि स्टेशनात थांबली की अंधार. डबे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, दोष कोणाचा?

कंपनीचा नाही, बल्बांचा. जुन्या डब्यांत फिलामेंटचे बल्ब असतात, एकाला ५० मिलिअँपिअर धरा, डब्यात चार बल्ब तर २००, सहा डबे म्हणजे १.२ अँपिअर निव्वळ दिव्यांना गेले. स्टार्टर सेटचा पॉवरपॅक तेवढ्यातच दमतो, मग इंजिनाला काय उरणार? एलईडी पट्ट्या लावा, एका डब्याला २० मिलिअँपिअरमध्ये भरपूर उजेड पडतो, सहा डब्यांचे १२०. पट्टीच्या आधी ब्रिज रेक्टिफायर हवा म्हणजे गाडी उलटी चालवली तरी दिवे लागतात, आणि एक कपॅसिटर टाका, तो थोडी वीज साठवून ठेवतो, लुकलुकणं तिथेच थांबतं. डीसीसी (रुळातून डिजिटल सूचना देऊन गाडी चालवायची पद्धत) असेल तर कपॅसिटरच्या आधी छोटा रेझिस्टर टाकायला विसरू नका, नाहीतर सगळे कपॅसिटर एकदम चार्ज होताना सिस्टीम शॉर्ट समजून बंद पडते. उबदार पिवळसर एलईडीच घ्या, जुन्या लाकडी डब्यात तो निळसर पांढरा उजेड अगदी दवाखान्यासारखा दिसतो.

थांबल्यावर अंधार होणारच कारण साध्या डीसी लाइनवर थांबणं म्हणजे व्होल्टेज शून्य. डीसीसीला रुळावर कायम वीज असते, तिथे हा प्रश्नच येत नाही. नाहीतर डब्यात बॅटरी ठेवा, बाकमानच्या जुन्या डब्यांत दिवे बॅटरीवरच होते आणि तेव्हा लोक नावं ठेवायचे, पण बागेतल्या धुळीच्या रुळांचा विचार केला तर ती आयडिया वाईट नव्हती.

अजून एक. वीज चाकावरून कशी उचलली जाते तेही बघा. चाकाच्या मागे घासणारी पत्री असेल तर ती ब्रेकसारखी ओढ लावते, एका डब्याला जाणवत नाही, सहा डब्यांना जाणवते. एलजीबीचे बॉलबेअरिंगवाले ॲक्सल मिळतात, ते बेअरिंगमधूनच वीज उचलतात, त्यामुळे डबा फिरतोही हलका. सहाच्या सहा डब्यांना घ्यायचे तर खिसा रिकामा होतो हे आहेच, मग एका डब्याला ते घालून बाकीच्यांना बारीक प्लग-वायरीनं वीज पुढे द्या.

प्रश्न : एलजीबीचा हुक आणि अमेरिकन डब्याचा नकल (बोटांच्या पेरांसारखा अडकणारा) कपलर, दोन्ही जोडायला काही ॲडॉप्टर?

मिळतात, पण त्यापेक्षा एक डबा ‘बदली डबा’ करा, एका टोकाला एलजीबीचा हुक, दुसऱ्याला नकल. सगळे डबे एकाच प्रकारात आणायचे ठरवलं तर केडी या कंपनीचे कपलर चांगले, फक्त उंची सगळीकडे सारखी लावा, दोन-तीन मिलिमीटरचा फरकही चढाच्या तोंडाशी गाडी सोडवतो. आणि कपलर बॉडीला लावायचे की बोगीला हे पुन्हा वळणावर. बोगीला लावलेला कपलर बोगीबरोबर वळतो म्हणून छोट्या वळणाला तोच बरा, बॉडीला लावलेला दिसायला आणि गाडी मागे ढकलायला बरा पण त्याला मोठं वळण लागतं.

प्रश्न : यूएसए ट्रेन्सचे तीन ॲल्युमिनियमचे डबे आहेत, त्यात दोन प्लास्टिकचे जोडले. वळणावर प्लास्टिकचे डबे आतल्या बाजूला आडवे होतात. डबे खराब आहेत का?

डबे ठीक आहेत, तुम्ही ते इंजिनाच्या लगेच मागे लावलेत असा माझा अंदाज आहे. मागे तीन जड डबे ओढ लावतायत आणि पुढे इंजिन खेचतंय, मधला हलका डबा ताणलेल्या दोरीसारखा सरळ व्हायला बघतो आणि वळणाच्या आत पडतो. चढावर तर हमखास. जड डबे इंजिनाला लागून आणि हलके शेवटी, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. उरलेलं वजनानं, प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला, बाकांच्या खाली, सपाट लोखंडी पट्ट्या चिकटवा, दोन्ही बोग्यांवर सारख्या येतील अशा. वजन छताजवळ अजिबात नको. चढ दोन टक्क्यांच्या आत ठेवता आला तर उत्तम, म्हणजे एक मीटर रुळाला दोन सेंटीमीटर उंची, ॲल्युमिनियमच्या डब्यांना त्याहून जास्त चढ द्यायचा तर दुसरं इंजिन लागणार हे धरून चाला.

प्रश्न : मला कॉलोराडोतली नॅरो गेज गाडी अगदी मापात हवी आहे, पैशाचं बघू. ॲक्युक्राफ्टची एएमएस की बाकमानची स्पेक्ट्रम?

दोन्ही १:२०.३, त्यामुळे मापाचं भांडण नाही. एएमएसचं काम जास्त बारीक, खालच्या ब्रेकच्या कांड्या, पायऱ्या, बोगीचे स्प्रिंग बघत बसावं असं. स्पेक्ट्रम त्या मानानं साधं पण हाताळायला निर्धास्त. पाहुणे येतात, मुलं येतात, गाडी रोज बाहेर निघते असं असेल तर स्पेक्ट्रम, तुम्ही एकटेच संध्याकाळी स्टूल टाकून बघणार असाल तर एएमएस. ४५ फुटी डबा या स्केलमध्ये ६७-६८ सेंटीमीटर होतो, तेव्हा पहिल्या प्रश्नातला पुठ्ठा तुम्हीही कापा.

प्रश्न : डबे रात्रभर बाहेर ठेवले तर चालतं का?

रूळ बाहेर राहू द्या, डबे आत. एलजीबीचं प्लास्टिक उन्हाला टिकतं म्हणून लोक ठेवतात, पण छपाईची अक्षरं आणि पट्टे आधी फिके पडतात, खिडक्यांच्या काचा धुरकट होतात, आणि आत कोळी जाळी करतात ती काढायला छत उघडावं लागतं. रोज आत-बाहेर करणं जमत नसेल तर लाइनच्या एका टोकाला झाकणाची लांब पेटी करा आणि रूळ थेट तिच्यात न्या, गाडी उचलावी न लागता आत जाते. पेटीला खालून हवा जायला भोकं ठेवा आणि भोकांना जाळी लावा.